चित्रीकरण गावाचं, गावाकडूनच

गोव्यातून चालणारी ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ ही संस्था २००३ मध्ये सुरू झाली. २०१० मध्ये तिने ‘इंडियाअनहर्ड’ हा उपक्रम हाती घेतला. इथे शहरातून पत्रकार पाठवले जात नाहीत. वस्तीतल्याच माणसांना चित्रीकरण शिकवलं जातं आणि बातमीचे पैसेही दिले जातात. मला हे मोबदल्याचं तत्त्व फार मोलाचं वाटतं, कारण एरवी गरिबांच्या गोष्टींवर इतरच नाव कमावतात.

व्हिडिओ असतो काही मिनिटांचाच. बंद पडलेला हातपंप, न मिळालेलं रेशन, शाळेत न येणारे शिक्षक असा एकच प्रश्न, तो भोगणारी माणसं आणि शेवटी प्रेक्षकाला थेट विनंती: संबंधित अधिकाऱ्याला फोन करा. तोच व्हिडिओ गावात आणि सरकारी कार्यालयातही दाखवला जातो. प्रश्न सुटला, की बदल कसा घडला हे सांगणारा दुसरा व्हिडिओ. लाइक्स मोजण्यापेक्षा हा दुसरा व्हिडिओ महत्त्वाचा!

असं काम करू पाहणाऱ्या संस्थांसाठी थोडं तांत्रिक. मोबाइलसाठी उभी चौकट (९:१६) घ्यावी. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मराठी उपशीर्षकं हवीतच. कॉलरला लावायचा साधा माइक महागड्या कॅमेऱ्याआधी घ्यावा. संमती बोलणाऱ्याच्या भाषेत, व्हिडिओ कुठे दिसणार हे सांगून घ्यावी. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचं नाव, चेहरा, पत्ता, शाळा यांपैकी काहीही दाखवण्यास पॉक्सो कायद्याचं कलम २३ मनाई करतं; त्यातून सूट देण्याचा अधिकार विशेष न्यायालयाचा, पालकांचा नव्हे.