संगणकाला बाह्य स्पीकर जोडणे

डेस्कटॉप संगणकातील संगीत ऐकण्यासाठी त्याच्या पेटीबाहेरचे स्वतंत्र स्पीकर वायरने अथवा बिनतारी पद्धतीने जोडले जातात. कोणत्याही जोडणीत तीन कामे व्हावी लागतात : अंकांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे विद्युत संकेतात रूपांतर, त्या क्षीण संकेताचे वर्धन आणि वर्धित संकेताचे हवेतील कंपनांत रूपांतर. यांपैकी कोणते काम कोणत्या उपकरणात होते, यावरून जोडणीचे प्रकार ठरतात. आवाज न येणे किंवा खराब येणे यांची कारणेही याच क्रमाने शोधता येतात.

पार्श्वभूमी

१९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकात एक लहान स्पीकर होता. त्याचा उपयोग मुख्यतः सूचनेचे सूर काढण्यापुरता होई. संगीतासाठी वेगळे साउंड कार्ड बसवावे लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे १९८९ मधील ‘साउंड ब्लास्टर’ हे कार्ड विशेष लोकप्रिय झाले. इंटेल कंपनीने १९९७ मध्ये ‘एसी ९७’ आणि २००४ मध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ ही मानके आणली. त्यानंतर ध्वनीची सोय मदरबोर्डवरच होऊ लागली आणि सामान्य वापरासाठी वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही.

कार्यपद्धती

कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानकानुसार प्रत्येक वाहिनीतील ध्वनीची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतली जाते व प्रत्येक नोंद १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ संभाव्य पातळ्यांपैकी एका पातळीवर साठवली जाते. या अंकांपासून अखंड विद्युत संकेत बनवणाऱ्या परिवर्तकाला ‘डॅक’ म्हणतात.

डॅकमधून येणारा संकेत क्षीण असतो. त्यावर हेडफोन चालतो, स्पीकर मात्र चालत नाही. ८ ओहम रोधाच्या स्पीकरला १० वॅट शक्ती देण्यासाठी सुमारे ९ व्होल्ट दाब आणि १.१ ॲम्पिअर प्रवाह लागतो. संगणकाच्या ध्वनिखाचेतून एवढा प्रवाह मिळू शकत नाही. म्हणून मध्ये ॲम्प्लिफायर आवश्यक ठरतो.

स्पीकरचे प्रकार

ज्या स्पीकरच्या खोक्यातच ॲम्प्लिफायर असतो त्यांना सक्रिय स्पीकर म्हणतात. संगणकासाठी म्हणून विकले जाणारे बहुतेक स्पीकर या प्रकारचे असतात. त्यांना वीजपुरवठा लागतो. तो भिंतीवरील सॉकेटमधून अथवा यूएसबी खाचेतून घेतला जातो.

जुन्या म्युझिक सिस्टिमचे स्पीकर बहुधा निष्क्रिय असतात, म्हणजे त्यांत ॲम्प्लिफायर नसतो. ते थेट संगणकाला जोडल्यास आवाज अत्यंत क्षीण येतो किंवा येतच नाही. अशा वेळी संगणकाचा संकेत प्रथम ॲम्प्लिफायरला द्यावा लागतो. निष्क्रिय स्पीकरच्या वायरी जोडताना ॲम्प्लिफायर बंद असावा आणि लाल टोक लालला, काळे टोक काळ्याला जोडावे. दोहोंपैकी एकाच स्पीकरची टोके उलट झाली, तर दोन्ही पडदे परस्परविरुद्ध दिशांना हलतात आणि खालचे स्वर दुबळे होतात.

जोडणीचे मार्ग

३.५ मिलिमीटर पिन : ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. पिनेच्या टोकातून डाव्या वाहिनीचा व मधल्या कड्यातून उजव्या वाहिनीचा संकेत जातो. मागचा भाग दोहोंना सामाईक असतो. ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेतील रंगसंकेतानुसार स्पीकरची खाच फिकट हिरवी, मायक्रोफोनची गुलाबी आणि बाहेरचा ध्वनी आत घेण्याची निळी असते. ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी एका टोकाला ही पिन व दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असलेली केबल वापरतात. त्यांत लाल पीन उजव्या बाजूची, पांढरी डावीची असते.

यूएसबी : या पद्धतीत अंक जसेच्या तसे बाहेर पाठवले जातात. डॅक स्पीकरमध्ये किंवा वेगळ्या छोट्या उपकरणात असतो. संगणकाच्या पेटीतील विद्युत गोंगाटापासून डॅक दूर राहतो, हा याचा लाभ होय. मात्र काही स्पीकर यूएसबीतून केवळ वीज घेतात; त्यांना ध्वनीसाठी ३.५ मिलिमीटरची पिनही जोडावी लागते.

ऑप्टिकल केबल : हिच्यातून संकेत प्रकाशाच्या रूपात जातो. त्यामुळे दोन उपकरणांत विद्युत संपर्क राहत नाही.

ब्लूटूथ : यात ध्वनी संक्षिप्त करून रेडिओ लहरींनी पाठवला जातो. त्याला किंचित विलंब होतो. केवळ संगीत ऐकताना तो जाणवत नाही. चित्रफीत पाहताना ओठांची हालचाल आणि आवाज यांत अंतर पडू शकते.

भौतिक जोडणीनंतर संगणकाच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये योग्य स्पीकर निवडला आहे ना, हे पाहावे लागते. जोडणी बिनचूक असूनही आवाज न येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. संगणक प्रथम आणि ॲम्प्लिफायर शेवटी सुरू करावा; बंद करताना उलट क्रम ठेवावा. त्यामुळे संगणक सुरू किंवा बंद होताना उमटणारे विजेचे धक्के वर्धित होऊन स्पीकरवर आदळत नाहीत.

गुणगुण व सुरक्षितता

संगीत थांबले असतानाही स्पीकरमधून सलग गुणगुण ऐकू येत असेल, तर बहुधा ‘ग्राउंड लूप’ हे तिचे कारण असते. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही आपापल्या तीन पिनी प्लगमधून भूमीशी जोडलेले असतात आणि ध्वनीच्या केबलमुळेही एकमेकांशी जोडले जातात. त्यामुळे एक बंद वळसा तयार होऊन केबलच्या आवरणातून सूक्ष्म प्रवाह वाहतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने ही गुणगुण ५० हर्ट्‌झ व तिच्या पटींत असते. ख्यालाच्या संथ आलापीत ती विशेष खटकते.

दोन्ही उपकरणांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून वीज देणे, ध्वनीच्या मार्गात विलगक ट्रान्सफॉर्मर बसवणे किंवा ऑप्टिकल केबल वापरणे हे यावरचे उपाय आहेत. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकल्यानेही गुणगुण थांबू शकते. परंतु तसे करणे धोक्याचे आहे. उपकरणात बिघाड होऊन वीज धातूच्या पेटीत उतरल्यास तिला जमिनीत नेणारा मार्गच उरत नाही आणि पेटीला हात लावणाऱ्याला प्राणघातक धक्का बसू शकतो.

मांडणी व मर्यादा

दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण होईल, तसेच उंच स्वरांचे छोटे स्पीकर कानांच्या पातळीत येतील, अशी मांडणी इष्ट मानली जाते. स्पीकर भिंतीला वा कोपऱ्याला टेकवल्यास खालचे स्वर प्रमाणाबाहेर फुगतात.

लहान स्पीकरचे पडदे खालच्या स्वरांसाठी पुरेशी हवा हलवू शकत नाहीत. काळी एकच्या षड्जाला लावलेल्या तानपुऱ्यात मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा, तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झची असते. लहान स्पीकरमधून हा मूळ खर्ज फारसा उमटत नाही; त्याच्या वरच्या स्वरांशांवरून कान त्याची उंची ओळखतो. म्हणून खर्ज ओळखू येतो, पण त्याचा भरीवपणा जाणवत नाही. त्यासाठी मोठ्या पडद्याचा स्पीकर किंवा वेगळा सबवूफर लागतो. केवळ आवाज वाढवून ही उणीव भरून निघत नाही.