सीझन आला, पण कोरस कुठे आहे?

एप्रिल उजाडला की आमच्या लोणी देवकरला गाण्याचे वेध लागतात. साखर कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात, तोडीवर गेलेली माणसे घरी परतलेली असतात. एमआयडीसीत कामाला जाणारी पोरे जयंतीसाठी पाळी बदलून घेतात. पुणे-सोलापूर रस्त्याने गायन पार्ट्यांच्या गाड्या धावू लागतात. गाडीच्या टपावर पेटी, ढोलकी आणि कापडात गुंडाळलेला बॅनर असतो.

पुण्याचे रसिक डिसेंबर महिन्यात सवाई गंधर्व महोत्सवाची वाट पाहतात. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला तो महोत्सव मोठाच आहे. पण वाचकहो, आपल्या वस्तीलाही संगीताचा सीझन आहे! ११ एप्रिलला जोतिबांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची, पुढे वैशाख पौर्णिमा आणि २७ मे रोजी रमाईचा स्मृतिदिन. दीड महिना गाणे चालते. या मैफलीला तिकीट नाही आणि राखीव खुर्ची नाही. माणसे घरून पोते, सतरंजी घेऊन येतात आणि लेकरांना मांडीवर निजवून ऐकतात.

मात्र दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या गावी जयंतीला गेलो होतो, तेव्हा जे पाहिले ते अजून मनातून जात नाही. मंडळाने वर्गणीचा बराचसा पैसा डीजेवर घातला होता. छातीत धडधड होईल असा आवाज. रात्री अचानक वीज गेली आणि सगळे शांत झाले. तेव्हा विहाराच्या पायरीवर बसलेल्या एका आजीने रमाईचे गाणे धरले. आवाज थकलेला, पण सूर पक्का. पोरींनी हौसेने टाळ्या धरल्या. आजीने अंतरा म्हटला, मुखड्यावर आली आणि थांबून सगळ्यांकडे पाहू लागली. मुखडा उचलायला कोणीच नव्हते. शब्दच कोणाला येत नव्हते. आजीने पुन्हा एकटीने मुखडा म्हटला, आणखी एक अंतरा म्हटला, आणि दम लागून गाणे मध्येच सोडून दिले.

मलाही येत नव्हते. आणि तेच गाणे माझी आई भाकरी थापताना म्हणत असे!

त्या दिवशी कळले की आपल्याकडे गायक कमी झालेले नाहीत, कोरस कमी झाला आहे.

कोरस म्हणजे मागे बसून माना डोलावणारी माणसे नव्हेत. मुख्य गायक अंतरा म्हणत मुखड्यावर येतो, तिथे कोरस गाणे उचलतो. तेवढ्या दोन ओळींत गायक श्वास घेतो, पेटीवाला पुढची जागा हेरतो, ढोलकीवाला लय वाढवतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोरस तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो, म्हणून ती ऐकणाऱ्याला पाठ होते. ज्या काळी आपल्या घरांत अक्षर नव्हते, त्या काळी १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३० चा काळारामाचा सत्याग्रह लोकांना पाठ झाला तो असाच. पेपर वाचणारा गावात एखादा असे. गाणे मात्र सारी वस्ती म्हणत असे.

हा वारसा सत्यशोधक जलशांपासून आला. पुढे आंबेडकरी जलशांनी तो उचलला. नाशिककडचे भीमराव कर्डक यांनी जलसा घेऊन गावे पालथी घातली आणि पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात तो इतिहास लिहून ठेवला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक लहानपणी शाळेत गेलेच नाहीत. मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला लागले, आणि १९४३ पासून त्यांनी गाणी लिहिली ती २००४ साली डोळे मिटेपर्यंत. त्याच २००४ साली प्रल्हाद शिंदेही गेले. त्यांचा पहाडी आवाज कोणाला आठवत नाही? पण हे फार थोड्यांना ठाऊक असते की इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत ते आधी कोरसमध्ये गात होते. म्हणजे कोरस ही शाळाच आहे. ती बंद पडली तर उद्याचे गायक कुठे शिकणार?

कोरसाचे मूळ तर आणखी जुने, आपल्या माय-मावश्यांच्या जात्यापाशी आहे. दोघी समोरासमोर बसत, एक ओवी धरी, दुसरी तिला साथ देई. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या आणि रमाईवरच्या ओव्याही आहेत. त्या रचणाऱ्या बायांना कोणी शाहीर म्हटले नाही, मंचावर बोलावले नाही. जात्याची गिरणी झाली आणि ओवीची जागा रिकामी राहिली.

कोणी म्हणेल, ही काही शास्त्रीय कला नव्हे, एवढे काय त्यात? अशा लाजेपायी जगात काय बुडणार होते आणि काय वाचले, ते पाहण्यासारखे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या अमेरिकेत शिकले, तिथे नॅशव्हिल गावी मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी १८६६ साली फिस्क नावाची शिक्षणसंस्था सुरू झाली. पाच वर्षांत तिची तिजोरी रिकामी झाली. तेव्हा, १८७१ साली, नऊ विद्यार्थ्यांचे गायनपथक पैसा जमवायला बाहेर पडले. त्यांतले बहुतेक जन्माने गुलाम. आपल्या आईबापांची शेतावरची गाणी लोकांपुढे म्हणायला त्यांना संकोच वाटे. सुरुवातीला ते गोऱ्यांच्या पसंतीची गाणी गात. पण आईबापांची गाणी त्यांनी एकसुरात म्हटली, तेव्हा सभागृहे हेलावली. पुढे इंग्लंडच्या राणीनेही ती ऐकली. त्या गाण्यांच्या पैशातून फिस्कमध्ये ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली, ती आजही आहे. याच फिस्कमधून १८८८ साली पदवीधर झालेले विचारवंत डु बॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला. डु बॉइस यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी याच गाण्यांचे सूर छापले होते. नऊ पोरापोरींच्या कोरसाने कॉलेज वाचवले! मग आपण वर्गणी काढून आपलाच आवाज बंद का करावा?

तेव्हा या सीझनला प्रत्येक वस्तीने एक तरी कोरस उभा करावा, अशी विनंती आहे. खर्च फारसा नाही. चार गोष्टी मात्र सांभाळाव्यात.

दहा-बारा जणी पुरेत. त्यांत एक आजी, दोन-चार सुना आणि शाळेतल्या पोरी असाव्यात. पुरुषांनीही यावे, पण पोरींना ‘तुमचे काय काम’ म्हणून घरी धाडू नये. पहिली, दुसरी, तिसरी पाळी करणारी माणसे रोज जमणार नाहीत. आठवड्यात सुट्टीच्या दिवशी विहारात वंदना झाल्यावर एक तास धरा. त्रिशरण-पंचशील आपण सारे एका आवाजात म्हणतोच की! तोच आपला पहिला कोरस आहे.

पट्टी आधी ठरवा. पुरुषांना काळी एक, काळी दोन सोयीची, तर बायकांना बहुधा काळी चार, काळी पाच. एकत्र गायचे असेल तर मुखड्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर पेटीवर वाजवून पाहा. आजीला आणि लहान पोरीला, दोघींना तो गाठता आला म्हणजे पट्टी बरोबर. ओरडून सूर चढत नाही, उलट घसा बसतो.

गाणी एका वहीत लिहा आणि वर कवीचे नाव घाला. शेवटचा अंतरा कधी गाळू नका. वामनदादांसारखे कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतात. तो अंतरा गाळला की कवीच पुसला जातो. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांची गाणी मोबाइलवर भरून ठेवा. नुसती भरून ठेवू नका, पोरींकडून म्हणून घ्या.

कार्यक्रम वेळेवर सुरू करा. पूर्वी जलसे रात्रभर चालत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच १२ वाजेपर्यंत सवलत मिळते. सात म्हणजे सातला पेटी उघडली, तर तीन तास सुखाने गाता येते.

आणि हो, बाहेरची गायन पार्टी ठरवताना कोरसवाल्यांना काय मिळणार, हेही विचारा. बॅनरवर त्यांचे नाव नसते आणि बिदागीतही त्यांचा वाटा शेवटचा असतो. घसा मात्र त्यांचाही तेवढाच झिजतो.

डीजेचे भाडे सकाळी संपते. पाठ झालेले गाणे घरात राहते, चुलीपाशी, पाळण्यापाशी. त्या आजीचे गाणे मी आता माझ्या थोरल्या बहिणीकडून लिहून घेतले आहे. चार अंतरे मिळाले, पाचवा अजून कोणाला आठवत नाही. तुमच्या घरी कोणा आजीला आठवत असेल, तर तिला आज संध्याकाळीच म्हणायला लावा, आणि ती मुखड्यावर आली की तुम्ही तो उचला.

जयभीम!