कोरोनरी अथेरेक्टॉमी

कोरोनरी अथेरेक्टॉमी ही हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांच्या आतील बाजूस साचलेला मेदाचा व कॅल्शियमचा थर कॅथेटरच्या साहाय्याने कापून किंवा घासून काढण्याची उपचारपद्धती आहे. यात छाती न उघडता मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून उपकरण हृदयापर्यंत नेले जाते. फुग्याच्या अँजिओप्लास्टीला पर्याय म्हणून ही पद्धत पुढे आली; आज मात्र ती मुख्यतः स्टेंट बसवण्यापूर्वीची तयारी म्हणून वापरली जाते.

पार्श्वभूमी

१९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुन्टसिग यांनी झुरिच येथे फुग्याने पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. फुगा थर काढत नाही. तो दाबून धमनी रुंद करतो. अशा अनेक धमन्या काही महिन्यांतच पुन्हा अरुंद होत. थरच काढून टाकल्यास हे टळेल, या अपेक्षेने अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ जॉन सिम्पसन यांनी दिशात्मक अथेरेक्टॉमीचे उपकरण विकसित केले. त्याचे फिरते पाते थराचे तुकडे कापून उपकरणातील पोकळीत गोळा करते. १९९० मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली.

फुग्याशी तुलना

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅव्हिएट’ चाचणीत १,०१२ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात आली. धमनी पुरेशी रुंद होण्याचे प्रमाण अथेरेक्टॉमीत ८९ टक्के, तर फुग्याच्या गटात ८० टक्के होते. सहा महिन्यांनंतर धमनी पुन्हा अरुंद झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५० व ५७ टक्के होते. मात्र सुरुवातीच्या गुंतागुंती ११ टक्के रुग्णांत आढळल्या. फुग्याच्या गटात त्या ५ टक्के होत्या. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाणही अथेरेक्टॉमीच्या गटात अधिक होते (८.६ विरुद्ध ४.६ टक्के). त्याच वर्षीच्या कॅनडातील चाचणीत धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे राहिले.

कापताना सुटलेले सूक्ष्म कण पुढील बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हृदयस्नायूला इजा करू शकतात. तसेच धमनीच्या भिंतीला झालेली जखम भरताना नवी ऊतक वाढून मार्ग पुन्हा अरुंद होतो. १९९८ च्या ‘बोट’ चाचणीत अधिक सखोल छेदनाने हे प्रमाण ३१.४ टक्क्यांपर्यंत उतरले. फुग्याच्या गटात ते ३९.८ टक्के होते. तरीही मृत्यूदरात लक्षणीय फरक पडला नाही. दरम्यान स्टेंटचा प्रसार झाल्याने ही पद्धत मागे पडली.

कॅल्शियमयुक्त अडथळे

फिरत्या अथेरेक्टॉमीत हिऱ्याचे कण जडवलेले टोक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरून कठीण थर घासते. जेथे फुगा फुगत नाही किंवा स्टेंट पुढे सरकत नाही, तेथे तिचा उपयोग होतो. जर्मनीतील २४० रुग्णांच्या ‘रोटॅक्सस’ चाचणीत उपचार ठरल्याप्रमाणे पार पडण्याचे प्रमाण तिच्यामुळे ८३.३ वरून ९२.५ टक्क्यांवर गेले. पण नऊ महिन्यांनी स्टेंटमधील मार्ग अधिक अरुंद झालेला आढळला.

कक्षीय अथेरेक्टॉमीची तुलना ‘एक्लिप्स’ चाचणीत फुग्याशी करण्यात आली. २,००५ रुग्णांच्या या चाचणीत उपचारित धमनीशी संबंधित अपयशाचे एका वर्षातील प्रमाण ११.५ व १०.० टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

सद्यस्थिती

धमनी फाटणे, रक्तप्रवाह मंदावणे व हृदयविकाराचा झटका हे या पद्धतीचे प्रमुख धोके आहेत. त्यामुळे ती सर्वच रुग्णांत न वापरता, फुग्याने न उघडणाऱ्या कठीण अडथळ्यांसाठी राखून ठेवली जाते. धमनी तत्काळ किती रुंद झाली यावरून रुग्णाचे दीर्घकालीन हित ठरवता येत नाही, हा या चाचण्यांचा प्रमुख निष्कर्ष मानला जातो.