कलाकार्यासाठीं सरकारी अनुदान : अर्ज आणि हिशेब

कलेच्या कार्यासाठीं सरकारकडून द्रव्यसाहाय्य मिळतें, हें आपल्याकडील नाट्यमंडळांच्या, वाचनालयांच्या आणि गायनसमाजांच्या चालकांस ऐकून ठाऊक असतें. तें मागावें कसें, आणि मिळाल्यावर त्याचें ओझें वाहावें कसें, याची माहिती मात्र फार थोड्यांना असते. या दुसऱ्या गोष्टीकडे मी आज अधिक लक्ष देणार आहें. कारण अर्ज नामंजूर झाला तर संस्थेची निराशा होते इतकेंच, पण तो मंजूर झाल्यावर हिशेब चुकला तर संस्थाच बुडण्याची वेळ येते.

पूर्वीं हा व्यवहार सोपा होता. सांगलीस इ. स. १८४३ मध्यें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तें श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयामुळें. धन्याची मर्जी हाच अर्ज आणि हीच मंजुरी! पण १८५१ सालीं श्रीमंत वारले आणि मंडळीला बाहेरगांवीं जाऊन तिकिटें लावून खेळ करण्याची पाळी आली. सार्वजनिक तिजोरीचा आश्रय असा एका माणसाच्या आयुष्यावर अवलंबून नसतो. परंतु तिच्यांतील पैसा सर्वांचा असल्यामुळें तेथें मर्जी चालत नाहीं, कागद लागतो.

हे कागद कोणते, हें एका योजनेच्या आधारें पाहूं. केंद्र सरकारच्या संस्कृति मंत्रालयाच्या ‘कला संस्कृति विकास योजने’मध्यें सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती यांसाठीं अनुदानाची एक शाखा आहे. नाटक, नृत्य, संगीत, महोत्सव, प्रदर्शन, कार्यशाळा अशा कामांना तिच्यांतून साहाय्य मिळतें. अर्जदार ही नफा न कमावणारी नोंदलेली संस्था असावी लागते. महाराष्ट्रांत १८६० च्या कायद्याखालीं नोंदलेल्या संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्याखालींही नोंदणी करावी लागते, आणि वार्षिक हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत द्यावे लागतात. ज्या मंडळानें हे हिशेब वर्षानुवर्षें तुंबवून ठेवले, त्याचा अर्ज लिहिण्यापूर्वींच अर्धा फेटाळला गेला असें समजावें. याखेरीज नीति आयोगाच्या ‘दर्पण’ या संकेतस्थळावर संस्थेची नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो.

आतां अर्जाच्या मजकुराविषयीं. आपले लेखक येथें हटकून घसरतात. “लुप्त होत चाललेल्या लोककलांचें पुनरुज्जीवन करून भावी पिढीवर संस्कार घडविणें” हें वाक्य तपासणाऱ्या समितीनें शेंकडों अर्जांत वाचलेलें असणार. त्याऐवजीं असें लिहावें : “आमच्या उपनगरांतील चाळीस मुलांना बारा दिवस दशावतार शिकवावयाचा, शिकविणारे दोन कलावंत सिंधुदुर्गाहून येणार, त्यांचीं संमतिपत्रें सोबत जोडलीं आहेत, पखवाज, पेटी आणि झांज वाजविणारे तिघे, शेवटीं तीन प्रयोग, त्यांपैकीं एक म्युनिसिपालिटीच्या शाळेंत.” हें वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें काम उभें राहतें, आणि खर्चाचा प्रत्येक आंकडा कोठून आला हेंही त्याला दिसतें. अंदाजपत्रकांत ‘किरकोळ’ या सदराखालीं मोठी रक्कम दडविण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्या सदरावरच परीक्षकाचें बोट प्रथम पडतें.

खरी गोम पुढेंच आहे. या योजनेच्या नियमांप्रमाणें अनुदान एकूण खर्चाच्या शेंकडा ७५ पर्यंतच मिळूं शकतें, आणि सामान्यतः त्याची कमाल मर्यादा पांच लाख रुपये आहे. ही रक्कमही एकदम हातीं येत नाहीं : शेंकडा ७५ चा पहिला हप्ता मंजुरीनंतर, आणि उरलेला काम पुरें होऊन हिशेब दिल्यावर. (नियम वेळोवेळीं बदलतात, म्हणून अर्जापूर्वीं त्या वर्षाचें परिपत्रक अवश्य वाचावें.)

श्रोतेहो, आपण कागद-पेन्सिल घेऊन बसलां असाल तर एवढें गणित करून पाहा. दशावताराच्या शिबिराचा खर्च चार लाख रुपये धरूं. अनुदान तीन लाख; संस्थेचा वांटा एक लाख. तीन लाखांपैकीं पहिला हप्ता दोन लाख पंचवीस हजार. म्हणजे शेवटच्या प्रयोगाचा पडदा पडेल त्या रात्रीं संस्थेनें स्वतःचे एक लाख पंचाहत्तर हजार घातलेले असले पाहिजेत. त्यांतील पंचाहत्तर हजार पुढें केव्हां तरी येतील. ते कधीं येतील हें मात्र संस्थेच्या हातीं नसतें. पुष्कळ चालक “आपल्याला फक्त एक लाख जमवावयाचे” असें धरून चालतात, आणि मग भार पडतो तो सर्वांत दुबळ्या माणसावर. मांडववाला आगाऊ पैसे घेतल्यावांचून बांबू रोवीत नाहीं, सभागृहाचें भाडें आधींच भरावें लागतें. मागें राहतें तें कोंकणांतून आलेल्या कलावंताचें मानधन! ज्याच्या नांवावर पैसा मागितला, तोच रिकाम्या हातानें गाडींत बसतो. म्हणून माझें आग्रहाचें सांगणें असें कीं, कलावंतांचें मानधन पहिल्या हप्त्यांतूनच वेगळें काढावें, आणि थांबूं शकेल असा खर्च, उदाहरणार्थ अहवालाची छपाई, मागें ठेवावा. एवढें बळ नसेल तर दोन लाखांचेंच शिबिर योजावें.

ही अडचण जगांत दुसरीकडेही ओळखली गेली होती. इंग्लंडांत महायुद्धाच्या धामधुमींत, १९४० सालीं, पिल्ग्रिम ट्रस्टच्या पंचवीस हजार पौंडांच्या साहाय्यानें कलांना उत्तेजन देणारी एक परिषद सुरू झाली. सरकारनें तींत भर घातली. अर्थशास्त्रज्ञ केन्स १९४२ पासून तिचे अध्यक्ष होते, आणि १९४६ मध्यें राजसनद मिळून तिचेंच ‘आर्ट्स कौन्सिल’ झालें. या नव्या संस्थेची ओळख केन्स यांनीं १९४५ च्या जुलैमध्यें बी. बी. सी. वरील भाषणांतच करून दिली होती. तेथें रोख अनुदानाबरोबर ‘तोट्याची हमी’ देण्याचीही पद्धत होती. मंडळीनें प्रयोग करावा, तिकिटें विकावीं, आणि तूट आली तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती परिषदेनें भरून द्यावी. आपल्या लहान मंडळांना असा आधार मिळाला तर तो फार उपयोगी पडेल असें मला वाटतें.

शेवटीं हिशेबाविषयीं. २०१७ च्या केंद्रीय वित्तीय नियमावलींत विनियोग प्रमाणपत्राचा ‘१२-ए’ हा नमुना दिलेला आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आंत हें प्रमाणपत्र गेलें पाहिजे. न गेल्यास पुढील अनुदानाची वाट बंद होते. अनुदानाच्या रकमेवर बँकेंत जें व्याज मिळेल तेंही सरकारकडे परत करावें लागतें, हें ऐकून कित्येक खजिनदार चकित होतात. यास्तव अनुदानाचें खातें निराळें ठेवावें, आणि पावत्या ज्या दिवशींच्या त्याच दिवशीं तारखेवार चिकटवून ठेवाव्या. टांगेवाल्यानें किंवा हमालानें पावती दिली नाहीं तर साध्या कागदावर रक्कम, काम आणि तारीख लिहून त्याची सही अथवा अंगठा घ्यावा. कार्यक्रमाचीं छायाचित्रें आणि वर्तमानपत्रांतील कात्रणें हीं दुसऱ्या हप्त्याच्या मागणीबरोबर लागतात. तेव्हां प्रयोगाच्या रात्रीं छायाचित्रें घेण्याचें काम एका माणसाकडे आधींच सोंपवून द्यावें.