पडद्यावरील त्रुटी-संदेश : आधी पत्ता ओळखा, मग उपाय करा

एक काळ असा होता की दूरदर्शनचा कार्यक्रम मध्येच खंडित झाला, म्हणजे पडद्यावर ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी झळकत असे. तिचा अर्थ सर्वांस ठाऊक होता. बिघाड केंद्रावर आहे आणि प्रेक्षकाने स्वस्थ बसून वाट पाहावयाची आहे. फार तर कोणी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवून येई. इंटरनेटवरून चित्रपट व मालिका घरोघरी पोहोचविणाऱ्या सेवांनी ही स्थिती पालटून टाकली. भारतात हॉटस्टार २०१५ साली, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आणि प्राइम व्हिडिओ त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आले. आता पडद्यावर नुसती दिलगिरी उमटत नाही. एखादा सांकेतिक क्रमांक येतो आणि प्रेक्षकाने काहीतरी करावे, अशी अपेक्षा व्यक्त होते. नेमके काय करावे हे न उमजल्याने गोंधळ उडतो आणि या गोंधळाचा लाभ उठविणारेही टपून असतात. म्हणूनच हा वरवर करमणुकीचा वाटणारा विषय बँकेच्या प्रत्येक खातेदाराच्या जिव्हाळ्याचा ठरतो.

संदेशाचा पत्ता

सेक्टर ६७ असा पत्ता ऐकला, की अनेकांस तो चंडीगडचाच वाटतो. प्रत्यक्षात हा विभाग चंडीगडच्या हद्दीला लागून असलेल्या पंजाबातील मोहालीत, म्हणजेच साहिबजादा अजितसिंगनगरात येतो. शहर एकसंध दिसत असले तरी प्रशासन निराळे असते आणि चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज हातात परत येतो. त्रुटी-संदेशाचेही तसेच आहे. पडदा एकच असला, तरी बिघाडाचे पत्ते चार संभवतात : घरातील इंटरनेट जोडणी, आपले उपकरण, सेवा देणाऱ्या कंपनीची यंत्रणा आणि आपले खाते अथवा त्याचे शुल्क. पत्ता न ओळखता केलेला उपाय म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’.

पहिला पत्ता : घरातील जोडणी

चित्रपट अखंड स्वरूपात येत नाही. काही सेकंदांचे असंख्य तुकडे करून तो पाठविला जातो आणि प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींत सिद्ध असतो. जोडणीचा वेग पाहून ॲप योग्य ती प्रत मागविते व पुढील काही तुकडे आधीच साठवून ठेवते. नळाला पाणी कमी आले तरी गच्चीवरील टाकीमुळे घरात काही काळ पाणी मिळत राहते, तसाच हा प्रकार होय. टाकी रिकामी झाली, की पडद्यावर गोल चक्र फिरू लागते.

नेटफ्लिक्सचा ‘एनडब्ल्यू-२-५’ किंवा प्राइम व्हिडिओचा ‘१०६०’ हे संदेश जोडणीतील अडचण दर्शवितात. अशा वेळी त्याच वाय-फायवर भ्रमणध्वनीवरून अन्य एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल, तर दोष जोडणीत आहे हे निश्चित समजावे. राउटरचा वीजपुरवठा अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करावा आणि दूरचित्रवाणी संच भिंतीआड असल्यास राउटर जवळ आणावा अथवा तारेने जोडावा.

वेगाचा हिशेबही ध्यानी घ्यावा. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार पूर्ण एचडी चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट, तर फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग लागतो. सेकंदाला ५ मेगाबिट या गतीने तासाभरात सुमारे सव्वादोन जीबी डेटा खर्च होतो. दररोज दीड जीबी डेटा देणाऱ्या मोबाइल योजनेवर असे चित्र पाहिल्यास चाळीस मिनिटांतच मर्यादा संपुष्टात येते. त्यानंतर येणारा संदेश बिघाडाचा नसून संपलेल्या शिधेचा असतो.

दुसरा पत्ता : आपले उपकरण

जोडणी उत्तम असून एकच ॲप रुसले असेल, तर उपकरणाकडे वळावे. नेटफ्लिक्सचा ‘यूआय-८००-३’ हा संदेश उपकरणात साठलेली माहिती जुनी झाल्याचे सांगतो. खात्यातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करणे, ॲपची साठलेली माहिती पुसणे अथवा ॲप काढून नव्याने घेणे, या क्रमाने उपाय करावेत. रिमोटने संच बंद केल्यास तो बहुधा केवळ निद्रावस्थेत जातो. म्हणून भिंतीवरील बटण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करणे अधिक परिणामकारक ठरते.

दोन साधी कारणे हमखास नजरेतून सुटतात. पहिले म्हणजे उपकरणाचे घड्याळ. सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांना मुदत असते आणि उपकरणाची तारीख चुकली असल्यास वैध प्रमाणपत्रही मुदतबाह्य ठरते. धनादेशावरील तारखेला जे महत्त्व, तेच येथेही आहे. दुसरे कारण म्हणजे एचडीएमआय केबल. ‘एचडीसीपी’ असा उल्लेख संदेशात असेल, तर नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची पडताळणी केबलच्या दोन टोकांमध्ये होऊ शकलेली नाही असे समजावे. केबल काढून पुन्हा घट्ट बसविणे वा बदलणे हा त्यावरील पहिला उपाय होय.

तिसरा पत्ता : कंपनीची यंत्रणा

संगणक-जगतात काही क्रमांकांचे अर्थ सर्वत्र समान आहेत. ‘५’ ने सुरू होणारे तीन अंकी संदेश, उदाहरणार्थ ५००, ५०२, ५०३ वा ५०४, हे समोरच्या यंत्रणेतील दोष सांगतात. ‘४’ ने सुरू होणारे संदेश आपल्या मागणीविषयी असतात. ४०४ म्हणजे मागितलेले पान सापडले नाही आणि ४०३ म्हणजे ते पाहण्यास अनुमती नाही. ५०३ दिसत असताना राउटर दहा वेळा बंद-चालू करूनही उपयोग नाही. जुन्या पाटीचाच हा नवा अवतार असून वाट पाहणे एवढाच त्यावर उपाय आहे. एकाच वेळी लाखो प्रेक्षक आल्यास असा भार येऊ शकतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात जाळ्यावरील ताण हलका करण्यासाठी भारतातील प्रमुख सेवांनी मोबाइल जोडणीवरील चित्राची स्पष्टता काही काळ स्वेच्छेने ४८० रेषांपुरती मर्यादित केली होती.

चौथा पत्ता : खाते आणि शुल्क

‘पेमेंट अयशस्वी’ किंवा ‘कार्ड नाकारले’ हे शब्द दिसले, की प्रकरण तंत्रज्ञाकडून बँकेकडे येते. यामागची पार्श्वभूमी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पूर्वी कार्डाचा तपशील एकदा दिला, की कंपनी दरमहा परस्पर रक्कम वळती करून घेत असे. रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डावरील अशा आवर्ती वसुलीसाठी ई-मँडेटची चौकट घालून दिली. जुन्या व्यवहारांसह सर्वांना ती १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीची झाली. नोंदणीच्या वेळी ओटीपीसारखे अतिरिक्त प्रमाणीकरण, प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना आणि नको असल्यास बाहेर पडण्याची मुभा, ही तिची प्रमुख अंगे आहेत. ओटीपीविना होणाऱ्या वसुलीची मर्यादा प्रारंभी २,००० रुपये होती. ती जानेवारी २०२१ पासून ५,००० आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अनेकांच्या मालिका अचानक बंद पडल्या, त्या या स्थित्यंतरामुळे. ती गैरसोय खरी, परंतु ग्राहकाच्या नकळत खात्यातून रक्कम जाण्याच्या प्रथेस तिने आळा घातला.

आजही व्यवहार नाकारला गेल्यास पुढील कारणे क्रमाने तपासावीत. वसुलीच्या दिवशी खात्यात पुरेशी शिल्लक होती काय? कार्डाची मुदत संपली आहे काय? नवे कार्ड आले असल्यास त्यावर नव्याने नोंदणी केली आहे काय? शिवाय १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड मिळते तेव्हा ते केवळ देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रांसाठीच सुरू असते. ऑनलाइन वापराची सोय ग्राहकाने स्वतः बँकेच्या ॲपमधून अथवा शाखेमार्फत सुरू करावयाची असते. कार्ड सुस्थितीत असूनही नाकारले जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

रक्कम खात्यातून गेली, परंतु सेवा सुरू झाली नाही, तर घाबरून पुन्हा पुन्हा पैसे भरू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यापाऱ्यास पुष्टी न पोहोचलेल्या ऑनलाइन कार्ड व यूपीआय व्यवहारांची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा होणे अपेक्षित आहे. त्यापुढील विलंबासाठी दर दिवशी १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

एक खाते, दोन घरे

वायुदल, वैज्ञानिक संस्था आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांच्या निमित्ताने चंडीगड-मोहाली परिसरात मराठी कुटुंबेही राहतात. उदाहरणादाखल असे समजू, की सेक्टर ६७ मध्ये राहणाऱ्या मुलाचे खाते साताऱ्यातील आईवडीलही वापरतात. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात एक खाते एकाच घरापुरते हा नियम लागू केला. तेव्हा साताऱ्यातील संचावर ‘हा संच या खात्याच्या घराचा भाग नाही’ अशा आशयाचा संदेश येतो आणि मुलाच्या भ्रमणध्वनीवर वा ई-मेलवर आलेला पडताळणी क्रमांक विचारला जातो. मुलगा तो दूरध्वनीवरून वाचून दाखवितो, आई तो रिमोटने टिपते आणि मालिका सुरू होते.

हा प्रसंग निरुपद्रवी आहे, पण त्यातून जडणारी सवय तशी नाही. भ्रमणध्वनीवर आलेला क्रमांक कोणास तरी वाचून दाखविणे ही नित्याची बाब होऊन बसते. उद्या अनोळखी आवाजाने ‘तुमची सेवा पूर्ववत करतो, आलेला क्रमांक सांगा’ असे म्हटले, तर तीच आई तो क्रमांक तितक्याच सहजतेने सांगून जाईल. तो क्रमांक बँकेचा ओटीपी असेल, तर हानी मालिकेची न राहता आयुष्यभराच्या बचतीची होते. आईवडिलांसाठी स्वतंत्र, अल्प दराची योजना घेऊन देणे हा मासिक खर्च नव्हे, तर विमाच होय.

न वाचलेला संदेश

२०२२ साली मुंबईत सत्तरी ओलांडलेल्या एका व्यावसायिकास नेटफ्लिक्सच्या नावाने ई-मेल आला. ४९९ रुपये न भरल्याने सेवा थांबविण्यात येत असल्याचे त्यात म्हटले होते. त्यांनी दिलेल्या दुव्यावर जाऊन कार्डाचा तपशील भरला आणि भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपीही दिला. त्या लघुसंदेशात रक्कम ४९९ नव्हे, तर १ लाख २२ हजार रुपयांच्या घरातील होती. बँकेचा संदेश सत्य सांगत होता, परंतु घाईत तो पूर्ण वाचला गेला नाही.

दुसरा सापळा शोधयंत्रावर असतो. त्रुटीचा क्रमांक टाकून ग्राहक सेवेचा दूरध्वनी शोधला, की भामट्यांनी पेरलेले क्रमांकही समोर येतात. समोरची व्यक्ती आपला पडदा दुरून पाहू देणारे ॲप घ्यावयास सांगते आणि त्याद्वारे खात्याचा ताबा मिळविते. अशा ॲपच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

यासाठी काही पथ्ये पाळावीत. शुल्काविषयीचा संदेश आल्यास त्यातील दुव्यावर न जाता ॲप स्वतः उघडून खाते पाहावे. साहाय्याचा क्रमांक ॲपमधूनच घ्यावा. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ या नावावर आली आहेत, हे ध्यानात ठेवावे. ओटीपीच्या लघुसंदेशातील रक्कम व व्यापाऱ्याचे नाव वाचल्यावाचून अंक टिपू नयेत. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही.

फसवणूक झालीच, तर संकोच न बाळगता तत्काळ बँकेस कळवून कार्ड बंद करावे, १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरविली जाते. त्यामुळे पहिल्या तासात केलेली तक्रार दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीहून कितीतरी मोलाची असते.

महामार्गावरील ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी सर्वांच्या परिचयाची आहे. घरातील पडद्यासमोरही ती तितकीच लागू पडते. त्रुटी-संदेश आला, की तो शांतपणे पूर्ण वाचावा, तो जोडणीचा, उपकरणाचा, कंपनीचा की शुल्काचा हे ठरवावे आणि त्या पत्त्यावरच उपाय करावा. चित्रपट अर्ध्या तासाने पाहिला तरी तोच असतो. खात्यातून गेलेली रक्कम मात्र अर्ध्या तासानंतर हाती लागेलच, याची शाश्वती नसते.