त्रिकोण बाटलीवरच राहतो

कीटकनाशकांविषयीचा आपला कायदा शेताच्या बांधावर जन्मलेला नाही. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन या विषाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. चौकशी झाली, शिफारशी आल्या आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा संमत झाला. हा इतिहास मी मुद्दाम आधी सांगतो आहे. विषापासून खाणाऱ्याला वाचवायचे, ही या कायद्यामागची मूळ प्रेरणा होती. फवारणाऱ्याकडे धोरणाची नजर आजही क्वचितच वळते.

काही वर्षांपूर्वी भटिंडा परिसरातील कापसाच्या शेतात एका फवारणी मजुराशी माझे बोलणे झाले. पाठीवरचा पंप गळत होता, सदरा कमरेपर्यंत भिजलेला होता. आज काय फवारतो आहेस, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘दवाई’. आपल्याकडेही शेतकरी ‘औषध’च म्हणतो. कोणती दवाई, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. बाटली मालकाने दुकानातून आणली, दुकानदाराच्या सल्ल्याने दोन द्रावणे एकत्र केली आणि ड्रममध्ये कालवली. मजुराच्या हाती आले ते पांढुरके पाणी.

आपली सारी सुरक्षाव्यवस्था मात्र त्या बाटलीवर छापलेली आहे. १९७१च्या नियमांनुसार प्रत्येक वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात, ती शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५००पर्यंत पिवळा, ५,०००पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे हिरवा त्रिकोण निरुपद्रवीपणाची हमी देत नाही. हे रंग तीव्र विषबाधेपुरते बोलतात. वर्षानुवर्षे रोज थोडेथोडे अंगात जिरणाऱ्या विषाचा हिशेब त्यांत नाही आणि ड्रममधल्या मिश्रणाला तर त्रिकोणच नसतो.

प्रकारांचा प्रश्न याहून गंभीर. कायद्याच्या भाषेत बुरशीनाशक आणि तणनाशकही ‘कीटकनाशक’च, परंतु शरीरात प्रत्येकाची वाट निराळी. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे मज्जासंस्थेतील एक विकर बंद पाडतात. लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. येथे ॲट्रोपिन वेळेत मिळाले तर माणूस वाचू शकतो. पायरेथ्रॉइड गटाला असा खास उतारा नाही. लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. पॅराक्वाट या तणनाशकावरही उतारा नाही. उलट गरजेविना दिलेला प्राणवायू फुप्फुसांची हानी वाढवतो. म्हणून ‘काय फवारले?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. ‘दवाई’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

सुरक्षेचे नियम तसे सर्वज्ञात आहेत: हातमोजे, मुखपट्टी, अंगभर कपडे, वाऱ्याच्या दिशेने तोंड करून फवारू नये, तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नये, रिकामा डबा घरात वापरू नये. शेवटच्या नियमाची किंमत बिहारच्या सारण जिल्ह्याने २०१३ मध्ये मोजली. मध्यान्ह भोजनातल्या तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळले गेले आणि २३ मुले गेली. उरलेल्या नियमांबाबत आपण फार सोयीस्कर बोलतो. ऑगस्टच्या दमट उन्हात, पुरुषभर उंचीच्या कपाशीत जाड पोशाख घालून दिवसभर चालणे काय असते, हे नियम लिहिणाऱ्याने एकदा करून पाहावे. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हाही ‘त्यांनी काळजी घेतली नाही’ हा सूर निघालाच.

तुलनेसाठी एक उदाहरण पुरेसे आहे. २०२२ मध्ये पंजाब सरकारने दहा कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. निमित्त होते निर्यातीच्या बासमतीतील विषांश. परदेशी ग्राहकाच्या ताटासाठी प्रशासन हलू शकते, हे चांगलेच आहे. मग फवारणाऱ्याच्या कातडीसाठी ते का हलू नये? नियमांत संरक्षक पोशाखाची व वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. पण दिवसाच्या रोजावर आलेल्या मजुराला ती कोणी लागू करायची?

नव्या कीटकनाशक व्यवस्थापन कायद्याची चर्चा २००८च्या विधेयकापासून चालू आहे. २०२०मध्ये दुसरे विधेयक राज्यसभेत आले. परवाने, भेसळ, दंड यांवर बरीच शाई खर्च झाली. माझ्या मते फवारणी मजुरांची पंचायतीत नोंद, गळका पंप देणाऱ्या मालकावर जबाबदारी आणि अतिविषारी रसायनांची टप्प्याटप्प्याने माघार या तीन गोष्टी आधी हव्यात. पोशाखाच्या उपदेशापेक्षा तिसरी अधिक माणसे वाचवील. मोनोक्रोटोफॉसच्या सर्वाधिक खपाच्या द्रावणाची माघार २०२३ मध्ये जाहीर झाली. सारणनंतर दहा वर्षांनी.

भटिंड्याचा तो मजूर नंतर एकदा भेटला. आता तो पंप उचलण्याआधी मालकाकडून बाटलीचा फोटो मोबाइलवर घेतो. लेबलवरची अक्षरे वाचता येत नाहीत, तो म्हणाला. पण इस्पितळात दाखवता येतील.