युरोपची कागदमुक्त मालवाहतूक : सक्ती सरकारी यंत्रणांवर

युरोपीय संघात सरहद्द ओलांडणाऱ्या मालासोबत कागदपत्रांची चळतही प्रवास करीत आली आहे. वाहतूक कंपन्यांकडे संगणक केव्हाच आले. अडथळा होता तो तपासणी करणाऱ्यांचा. एका देशातील अधिकारी पडद्यावरील नोंद मान्य करीत असे, तर शेजारच्या देशातील सही-शिक्क्याची प्रत मागत असे. साहजिकच, मालमोटार अडकू नये म्हणून कंपन्या छापील प्रती देतच राहिल्या.

हे ओळखूनच संघाने २०२० मध्ये नियम केला. त्यातील सक्ती वाहतूकदारांवर नसून सदस्य देशांच्या यंत्रणांवर आहे. प्रमाणित संगणकप्रणालीतून दिलेली माहिती त्यांनी ९ जुलै २०२७ पासून स्वीकारलीच पाहिजे. वाहतूकदाराला मात्र कागद वापरण्याची मुभा राहील. माहितीही त्याने निवडलेल्या प्रणालीतच राहील आणि अधिकाऱ्याला ती आपल्या अधिकारापुरतीच पाहता येईल.

भारतात १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीस लागू झालेल्या ‘ई-वे बिला’ची दिशा नेमकी उलटी आहे. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाची नोंद सर्वसाधारणपणे सरकारी संकेतस्थळावर करावीच लागते. त्यामुळे बदल झपाट्याने झाला खरा; पण नोंद नसल्यास वाहन अडते आणि दंडाचा भुर्दंडही माल पाठविणाऱ्यालाच किंवा वाहतूकदारालाच सोसावा लागतो.